थर्मलची राख आणि माझे दात

माझी नात नागपूरले मिहानमधे, नव्या कंपन्या आहेत तिथं, नोकरीले आहे. मागे तिनं एक टूथपेस्ट आणली. दाबली तर काळीकुट्ट. मी म्हटलं, खराब निघाली, दुकानदाराच्या तोंडावर फेकून ये. तर हसते. म्हणे, "आबा, ही कोळशाची आहे. यानं दात पांढरे होतात."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. ज्यानं कोळशाची राख उपसण्यात जवानी घालवली, त्याले ही पोट्टी कोळसा शिकवून राहिली! मी म्हटलं, "बाई, तुह्या कंपनीवाल्याच्या आधी हा शोध मी लावला होता. आणि त्या शोधापायी तुही आजी हातची जाता जाता राहिली."

तेव्हा कुठं तिनं कानातलं यंत्र काढलं. सगळं ऐकलं आणि म्हणे, लिहून काढा. मी चौथी पास, आणि तीही मास्तरची मेहरबानी. पण लिहितो. व्याकरण ज्याले पाहिजे त्यानं आपल्या घरचं लावून घ्यावं.

आमच्या लहानपणी दात घासाले दोनच वस्तू होत्या. एक निंबाची काडी आणि दुसरी राखुंडी. गोवरी जाळायची, राख फडक्यातून गाळायची, चिमूटभर मीठ टाकायचं आणि ओट्यावर बसून बोटानं घासायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत, मधेमधे थुंकत. दात पांढरे व्हावे म्हणून कोणी घासत नव्हतं. जसं आंगण झाडायचं तसे दात घासायचे. आणि तरी ते पांढरेच होते, हे मले आता आठवते.

मग कोराडीले विजेचं थर्मल झालं आणि मी तिथं राखेच्या कामावर लागलो. कोळसा वर जळे. त्याची राख खाली मोठमोठ्या नरसाळ्यात पडे, आणि तिथून पाण्यासोबत दूर तलावात वाहून जाई. नरसाळं जाम झालं की लोखंडी सळाखीनं टोचायचं, हे माझं काम. राख अशी बारीक की माणसाले जिथं जिथं भोक आहे तिथं तिथं ती जाणार. तोंड दिवसभर कोरडं. जुने लोक म्हणत, गालात खर्रा ठेव, राख घशात उतरत नाही. यात कोणतं शास्त्र होतं ते शास्त्रालेच माहीत.

खर्रा म्हणजे काय ते नागपूरच्या बाहेरच्याले सांगावं लागते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकायचा, हातावर घोटघोट घोटायचा आणि गालात दाबून द्यायचा. मग माणूस मुका होते, पण सुखी होते. काही वर्षांत माझे दात कवेलूच्या रंगाचे झाले. कवेलू बी नवे नाही, छपरावर पावसाळे खाल्लेले. मले त्याचं काही वाटत नव्हतं. आरशात मी मिशी पाहत होतो. मिशी चांगली होती.

लग्नाचं वय झालं. आमच्यात पत्रिका पाहत नाहीत. माझ्या बापानं दीक्षा घेतली त्या दिवशी पत्रिका, मुहूर्त, गुण, सारं गाठोडं बांधून नागनदीत सोडून दिलं. चांगलंच केलं. पण माणसाले काहीतरी पाहायची खोड असते, ती काही नदीत सोडता येत नाही. पत्रिका गेली तर लोक नोकरी पाहू लागले, शिक्षण पाहू लागले. माझ्या नशिबी दात आले.

पोरगी पारशिवनीकडच्या एका गावची होती. मायबाप लहानपणीच गेलेले, आत्यानं वाढवलेली. मॅट्रिक झालेली, म्हणजे माझ्याहून बरीच पुढे. मायनं मले निघायच्या आधीच बजावून ठेवलं होतं. "बाबू, तिथं तोंड उघडू नको. नुसता हूं हूं कर. बाकी मी पाहतो."

मी तसंच केलं. पोहे आले. ते मी ओठ न उघडता खाल्ले, करून पाहा, सोपं नाही. आमची माय मोठी परीक्षा घेणारी. पोरीले म्हणे चालून दाखव. ती चालली. म्हणे सुईत दोरा ओवून दाखव, नजर पाहाची आहे. तिनं एका झटक्यात ओवला आणि सुई माझ्या मायच्या हातात अशी दिली की बस्स, जशी पावतीच दिली.

मग आत्याबाई सरसावून बसली. "आमची झाली पाहून? आता तुमच्या पोट्ट्याले बोलू द्या."

"हूं," मी म्हटलं.

"नोकरी कायमची आहे ना गा बाबू?"

"हूं."

"दारू-बिरू?"

यावर हूं म्हणावं का उहूं, मी गडबडलो. नुसती मान हलवली. ती बी अशी हलली की दोन्ही अर्थ निघत होते.

आत्या मायकडे वळली. "इहीनबाई, मुका असन तं तसं सांगा. आमची काही हरकत नाही. घरात बोलणारी एक असली तं पुरते."

आणि मले हसू आलं. अडवलं, तर नाकातून आलं. मग तोंडातूनच आलं, दाण दाण. माझं हसणं संपेपर्यंत सगळ्यांनी माझे दात पाहून घेतले. पोरगी दाराशी उभी होती. ती शांतपणे म्हणे, "आत्या, यायनं तं तोंडात कवेलू रचून ठेवले वं."

आता ही गोष्ट आत्याले सांगितली असं दाखवून मले सांगितली होती, हे मले कळत होतं. मी म्हटलं, "मुका बी नाही आणि बहिरा बी नाही मी."

"मंग बरं झालं," ती पहिल्यांदा माझ्याकडे पाहून म्हणे. "ऐकून घ्या. मले नवरा पाहिजे, पानठेला नाही. दात साफ करून या. मंग पाहू."

माय उठली. पदर झटकला. आत्यानं मात्र दारापर्यंत येऊन सांगून टाकलं. कामठीचा एक पोरगा बघून गेला आहे, पोस्टात आहे, दात कापसासारखे आहेत. बुद्धपौर्णिमेले लग्न लावायचंच आहे. त्याच्या आत तुमचं काय ते कळवा.

बसमधे माय म्हणे, "जाऊ दे. दुसरी पाहू. अशी तोंडाळ घरात कोण आणते?"

मी म्हटलं, "हीच."

"काहून?"

"हीच म्हणजे हीच."

नात विचारते, आबा, प्रेम होतं का? प्रेम-बिम आम्हाले माहीत नव्हतं. इज्जतीचा सवाल होता. पण सुईत दोरा ओवताना तिनं जीभ जराशी बाहेर काढली होती, ते मले बसमधे आठवून राहिलं होतं. एवढंच सांगतो, जास्त विचारायचं नाही.

घरी आल्यावर मी कामाले लागलो. आधी मीठ आणि मोहरीचं तेल. काही फरक नाही, फक्त दिवसभर तोंडाले लोणच्याचा वास. मग कोणीतरी म्हणे लिंबू पिळून त्यावर खायचा सोडा घास. तोंडात असा फेस आला की माय घाबरून शेजारणीले बोलवाले गेली. दात आंबून गेले, भाकर चावता येईना. रंग तोच. आणि का नाही राहणार? एका बाजूनं मी घासत होतो आणि दुसऱ्या बाजूनं खर्रा चालूच होता. कोणी तेव्हा विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, खर्ऱ्याचा आणि दाताचा काही संबंध नाही. मी कोणाच्या सांगण्यावरून काही मान्य करत नाही. आजही नाही.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत माझा जोडीदार आपला पितळी डबा घेऊन बसला होता. आम्ही दोघं एकाच नरसाळ्यावर होतो. डबा असा चमकत होता की त्यात माझी मिशी दिसली.

"कशानं घासला बे?"

"आपल्याच राखेनं. कॉलनीतल्या साऱ्या बायका हीच नेतात. चिंच नको, काही नको."

मी जेवता जेवता थांबलो. डोक्यात गाडी सुरू झाली. गोवरीच्या राखेनं दात चमकत होते. गोवरी म्हणजे काय, शेण. शेणाच्या राखेत एवढी ताकद, तर ही इथं मोठमोठे इंजिनियर बसवून, मशिनी लावून केलेली राख! पिठाहून बारीक, चाळायचं बी काम नाही. राख ती राख. आमच्या बापजाद्यानं राखेनंच दात घासले. आजही मले या हिशोबात कुठं चूक दिसत नाही. चूक राखेत होती.

मी डबाभर राख घरी नेली. त्यात मीठ आणि कुटलेली लवंग टाकली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बोटावर फडकं गुंडाळून, भांडं घासावं तसं घासलं. आणि सांगतो, गुण आला. लवकर आला. कवेलू उतरून खालून दात निघाले. मी कामावर जाऊन सगळ्यांसमोर हसलो. जोडीदार म्हणे, "अबे, हा तं गॅसबत्ती लावून आला!" मग सगळ्यांनी मागितलं. मी पुड्या बांधून वाटल्या. लोक त्याले थर्मल मंजन म्हणत. नाव मी ठेवलं नव्हतं, पण मले आवडलं होतं.

काही दिवसांनी हिरड्यातून रक्त यायले लागलं. मी म्हटलं, खराब रक्त निघून राहिलं, निघू द्या. मग थंड पाणी दाताले झोंबू लागलं. मी पाणी कोमट पिऊ लागलो. त्यावर मी असा इलाज काढला की थोडं जास्त घासायचं.

उन्हाळा कडक लागला तेव्हा पारशिवनीची बस धरली. मायले नेलं नाही. सोबत नवा शर्ट आणि राखेचा एक डबा. कामठीवाल्याकडे काय आहे, तिकिटं! मी शोध घेऊन चाललो होतो.

आत्याबाईनं ओसरीवर बसवलं. मी बसायच्या आधीच हसलो. "अगं बाई," ती म्हणे, "खरंच की. ये वं पोरी, पाहा."

पोरगी कैरीचं पन्हं घेऊन आली, माठातल्या पाण्याचं, थंडगार. तिच्यासमोर नाही कसं म्हणणार? घेतला मोठा घोट.

काय सांगू. जशी कोणी दाताच्या मुळाशी विजेची तार लावली. मी बसल्या जागेवरून उभा झालो. पन्हं अर्धं शर्टावर, अर्धं आत्याच्या लुगड्यावर. डोळ्यातून पाणी. ओठाच्या कडेनं लाल धार.

"अवो, काय झालं?" पोरगी ग्लास धरून विचारते. "रक्त येऊन राहिलं तुमचं. काय लावलं दाताले?"

मी शर्ट झटकला, छाती पुढे काढली आणि डबा उघडून तिच्यापुढे धरला. "आमच्या थर्मलची राख."

तिनं डब्यात पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मले वाटलं हसन. ती हसली नाही. आत गेली आणि एक पितळी गडू घेऊन आली. माझ्यासमोर पालथा केला.

"इथं माझ्या मायचं नाव कोरलं होतं. लग्नातला गडू. मी लहान होती, रोज राखेनं घासत होती, चमकते म्हणून. आता वाचा."

मी वाचलं. म्हणजे पाहिलं. एक काना आणि अर्धी वेलांटी उरली होती. बाकी सारं गुळगुळीत.

"कोरलेलं पितळ नाही टिकलं," ती म्हणे. "आणि तुमी दातावर घासून राहिले. डाग बी गेला आणि दात बी गेला. आता नागपूरले दातांच्या सरकारी दवाखान्यात जा."

"मी नाही जात. तिथं दात उपटतात."

"मंग हे घरीच उपटून राहिले ते काय?"

"दात साफ करून या म्हटलं, केले. आता काय पाहिजे?"

"आता दात पाहिजेत," ती म्हणे, आणि डब्याचं झाकण लावून माझ्या हातात दिलं.

आत्या ओलं लुगडं पिळत बोलली, "बाबू, कामठीवाले पौर्णिमेच्या आधी पक्कं कराले येऊन राहिले. मी काही लोकाले किती दिवस लोंबकळत ठेवू?"

मी जाणार नव्हतो. हे लिहून ठेवा. मी कोणाच्या सांगण्यावरून गेलो नाही. दोन रात्री दातानं झोपू दिलं नाही म्हणून गेलो.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होती, माझ्याच वयाची. "काय लावता दातांना?"

"राख."

"कसली राख?"

"कोराडीची. थर्मलची."

तिनं हातातलं हत्यार खाली ठेवलं आणि शिकाऊ डॉक्टर लोकाले आवाज दिला, "अरे, इकडे या सगळे. हे बघा." पाच-सहा जण भोवती जमले आणि वाकून वाकून पाहू लागले. मी खुर्चीत आणखी ताठ झालो. म्हटलं, घ्या पाहून, असा केस परत येणार नाही.

"अजून मोठं तोंड उघडा," ती म्हणे.

"हेच मोठं."

तिचा चेहरा बदलला. "तुमची स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि दातांच्या मधे घाला."

मले वाटलं गंमत करते. घातली. दोन गेली. तिसरं अर्ध्यात अडकलं. मी जोर लावला. गाल आतून चामड्यासारखा ताणला, पण तिसरं काही आत जाईना. ज्या माणसानं लोखंडी सळाखीनं जाम फोडण्यात नाव कमावलं, त्याच्या स्वतःच्या तोंडात बोट जाईना.

"खर्रा किती खाता?"

"थोडासा."

"खोटं बोलू नका. गाल आतून आवळत चालला आहे. अजून वेळ आहे. खर्रा सुरू ठेवलात तर एक दिवस पाणीपुरी खायला तोंड उघडणार नाही, आणि त्याच्यापुढचं मी तुम्हाला आत्ता सांगत नाही."

मग तिनं दात साफ केले. मागच्या बाजूनं दगडासारखे थर बसले होते, ते टोकदार हत्यारानं काढले. आवाज असा, जशी कढईची करपलेली खरड निघून राहिली. दुखलं नाही. उगाच मी इतके दिवस भ्यालो, म्हणजे भ्यालो नाही, वेळ नव्हता.

शेवटी मी विचारलं, "पांढरे कधी होतील?"

"दात चुन्याच्या भिंतीसारखे पांढरे नसतातच हो. ज्याचा त्याचा रंग असतो. वरची चकाकी तुम्ही राखेनं घासून काढलीत, ती परत उगवत नाही. खालचा हा पिवळसर रंग आता तुमचा." आणि मग भराभर सांगितलं. राख बंद, कोळसा बंद, लिंबू-सोडा बंद. मऊ ब्रश घ्या, साधी पेस्ट, हलक्या हातानं. अधूनमधून येऊन साफ करून जा. "आणि खर्रा सोडणार नसाल तर परत येऊन माझा वेळ खाऊ नका."

खर्रा सोडणं काय असते ते ज्यानं सोडला त्याले विचारा. मी गालात लवंग धरली, बडीशेप धरली, निंबाची काडी धरली. घरात मायशी भांडलो, कामावर नरसाळ्याशी भांडलो. जोडीदार माझ्या नाकासमोर पन्नी घोटायचा. "अबे, बायको यायच्या आधीच बायकोचा झाला तू!" मी त्याले म्हटलं, तीन बोटं घाल तोंडात. त्यानं घातली. मग त्यानं बी ती पन्नी बाजूले ठेवली. संध्याकाळी परत उचलली म्हणा. आणि मी वाटलेल्या पुड्या मीच मागून मागून राखेच्या पाण्यात सोडल्या. काही लोक देईनात. त्यायले गुण आला होता.

पौर्णिमा तोंडावर आली तेव्हा परत गेलो. आत्याबाई दारातच म्हणे, "कामठीवाले उद्या येऊन राहिले. काय ते आता सांगा."

मी ओसरीवर बसलो नाही. आंगणातच उभा राहिलो. पोरगी आली. मी हसलो नाही, नुसते ओठ वर केले, जसा बैल बाजारात दाखवतात तसा.

"पांढरे नाही झाले," ती म्हणे.

"होणार बी नाहीत. डॉक्टरीण म्हणे हाच रंग आहे. पांढरे पाहिजे असन तं कामठीवाला कर." मग वाटलं, दाखवायचं तर सारं दाखवावं, नाही तर हे बैल-बाजाराचं काय कामाचं? म्हटलं, "आणखी एक आहे. तोंड पूर्ण उघडत नाही माझं. तीन बोटं गेली पाहिजेत, जात नाहीत. खर्ऱ्यानं. सोडला आहे, पण आधी जे झालं ते झालं."

आत्यानं कपाळाले हात लावला. "ऐकलं का वं पोरी? हा तं आणखी खराबी सांगाले आला!"

पोरगी माझ्या हाताकडे पाहत राहिली. राखेचं काम करून करून माझी बोटं मुसळासारखी झालेली.

"या बोटायनं मोजलं?" तिनं विचारलं.

"माझ्या तोंडात आणखी कोणाची घालू?"

तिनं बांगड्या मागे सारल्या. "आ करा."

"काय?"

"तुमच्या मायनं मले चालून दाखव म्हटलं, मी चालली ना? आ करा."

मी आ केला. भर आंगणात, भर दुपारी, कुंपणापलीकडे शेजारीण गहू पाखडत होती तिचं सूप थांबलं. पोरीनं आपली तीन बोटं एकावर एक धरली आणि सुईत दोरा ओवावा तसा डोळा बारीक करून माझ्या तोंडात घातली. जीभ जराशी बाहेर. दोन गेली. तिसरं अडलं, थोडं सरकलं, आणि गेलं.

"गेली वं आत्या," ती म्हणे. "उद्या कामठीवाल्याले नाही म्हणून सांग."

"सांगतो, सांगतो," आत्या ओरडली. "आधी हात काढ बाहेर. चावन तो!"

मी चावलो नाही. तेवढी अक्कल मले चौथीतही होती.